'कोर्ट' बघताना वही जवळ ठेवा : मनमानी अटक आणि न तपासलेला पुरावा



या ब्लॉगवर एरवी आपण शोधनिबंध कसा वाचायचा, गृहीतक कसं मांडायचं, कंट्रोल कशाला लागतो असल्या गोष्टी बोलतो. आज एक सिनेमा घेतलाय, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल आणि "फार संथ आहे" म्हणून अर्ध्यावर सोडलाही असेल. सोडला असेल तर पुन्हा लावा. मानवी हक्क कार्यकर्त्यांची अटक, त्यांची कोठडीतली अवस्था या विषयावर ज्यांना काम करायचंय त्यांनी तर बघाच. पण पुरावा म्हणजे काय हे ज्यांना शिकायचंय त्या सगळ्यांसाठी हा सिनेमा कामाचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. मनमानी अटक म्हटलं की आपल्याला वाटतं, पोलिसांकडे काहीच पुरावा नसणार. प्रत्यक्षात कागद भरपूर असतात. साक्षीदार असतो, पंचनामा असतो, कलम असतं. नसते ती एकच गोष्ट : तो पुरावा खरा आहे की खोटा हे तपासायची जवळची तारीख. ती इतकी लांब ढकलली जाते की निकाल काहीही लागला तरी माणसाची वर्षं गेलेली असतात. 'कोर्ट' हे फार बारकाईने दाखवतो. पण दोन ठिकाणी तो कमी पडतो असं मला वाटतं, त्याबद्दलही बोलू.

गोष्ट थोडक्यात

'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, तिथे त्याला दोन मोठे पुरस्कार मिळाले. एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला.

नारायण कांबळे हे पासष्टीच्या आसपासचे लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतात, वस्त्यांमधून गातात. एका कार्यक्रमात पोलीस येतात आणि त्यांना घेऊन जातात. आरोप असा : काही दिवसांपूर्वी त्यांनी एका वस्तीत गाणं म्हटलं, त्यात गटार साफ करणाऱ्यांनी गटारातच गुदमरून जीव द्यावा असा आशय होता. ते ऐकून वासुदेव पवार हा सफाई कामगार मॅनहोलमध्ये उतरला आणि मेला. म्हणून आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा, भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, दहा वर्षांपर्यंत कैद. (आता १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिथे हेच कलम १०८ आहे. आकडा बदलला, गुन्हा तोच.)

कांबळेंची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. ते स्वतः नागपूरचे आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ मध्ये कोविडने त्यांचं निधन झालं. गाण्यांमागे संभाजी भगत आहेत. त्यामुळे स्टेजवरचा कांबळे 'अभिनय करतोय' असं एकदाही वाटत नाही.

आरोप म्हणजे गृहीतक, असं समजून बघा

आता वही काढा. सरकारी पक्षाचं म्हणणं एकच वाक्य वाटतं, "गाण्यामुळे कामगार मेला". पण ते सुटं करून लिहिलं तर पाच विधानं निघतात. एक, असं गाणं होतं. दोन, ते त्या वस्तीत, त्या दिवशी म्हटलं गेलं. तीन, पवारने ते ऐकलं. चार, पवार मरायच्या इराद्याने गटारात उतरला. पाच, तो इरादा गाण्यामुळे तयार झाला.

पाचही खरी असतील तरच गुन्हा. आपण उदार होऊन प्रत्येक विधानाला, आधीची सगळी खरी आहेत असं धरून, ८० टक्के शक्यता देऊ. ०.८ ला पाच वेळा गुणा. उत्तर येतं साधारण ०.३३. म्हणजे प्रत्येक कडी वेगळी पाहिली तर भक्कम वाटते आणि साखळी मात्र दोन-तृतीयांश वेळा तुटते. हे गणित कोर्टात चालत नाही, चालवूही नये. पण "हे पण शक्य आहे, ते पण शक्य आहे" असं म्हणत आपण कुठवर वाहत जातो हे कळायला त्याचा उपयोग होतो.

आणि इथे ८० टक्के तरी कुठून द्यायचे? दुसऱ्या कडीसाठी पोलिसांकडे एक साक्षीदार आहे. बचावाचे वकील विनय व्होरा शोधून काढतात की हाच माणूस याच तपास अधिकाऱ्याच्या इतर प्रकरणांतही साक्षीदार म्हणून उभा राहिलेला आहे. कोर्टाच्या भाषेत याला 'स्टॉक विटनेस' म्हणतात. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर हे असं उपकरण आहे की नमुना कुठलाही घाला, रीडिंग ठरलेलंच येतं. अशा उपकरणाचं रीडिंग चूक असतं असंही म्हणता येत नाही. त्यातून माहितीच मिळत नाही, एवढंच.

गटारातला वायू

चौथी कडी, म्हणजे इरादा, हा सिनेमाचा गाभा आहे. सरकारी पक्षाचा तर्क असा : कामगार अनुभवी होता, धोका त्याला माहीत होता, तरी अंगावर सुरक्षेचं कुठलंच साधन न घालता उतरला. अर्थात त्याला मरायचंच होतं.

ऐकायला बिनतोड वाटतं ना? मग पवारची बायको साक्षीला येते. ती कोरड्या आवाजात सांगते : नवऱ्याला साधनं कधी मिळालीच नाहीत. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरायचा. गटारातल्या वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आणि उतरण्याआधी तो आत खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, नाही आली तर नाही.

माझं पीएचडीचं काम वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर आहे, म्हणून या जागी मी थांबलेच. गटारात मारतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. अगदी कमी प्रमाणात असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर-दीडशे भागांच्या वर गेला की नाकाची वास ओळखायची क्षमताच बधिर होते. म्हणजे धोका वाढला की इशारा बंद. पाचशे ते हजारच्या घरात पोचला तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळू शकतो, कारण पेशींना ऑक्सिजन वापरू देणारं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकरच तो अडवतो. शिवाय हा वायू गाळात अडकून असतो; गाळ ढवळला की एकदम सुटतो. म्हणजे उतरण्याआधीची कुठलीही चाचणी उतरल्यानंतर काय होईल ते सांगत नाही. झुरळाची चाचणी तर अजूनच फसवी. झुरळ कमी ऑक्सिजनमध्ये माणसापेक्षा पुष्कळ तग धरतं.

तरीही त्या खड्याकडे नीट बघा. जीव द्यायला निघालेला माणूस आत हवा आहे का हे कशाला तपासेल? रोज खडा टाकून बघणारा माणूस जगायची खटपट करतोय. त्याच्याकडे सेन्सर नव्हता, झुरळ होतं.

संशोधनाच्या दृष्टीने इथे शिकायची गोष्ट अशी. 'साधनं नव्हती' हे निरीक्षण खरं आहे, दोन्ही पक्षांना मान्य आहे. पण ते आत्महत्येचा पुरावा आहे का? त्यासाठी विचारायचं : आत्महत्या असती तर साधनं नसण्याची शक्यता किती? आणि अपघात असता तर किती? जिथे कोणालाच साधनं मिळत नाहीत, तिथे दोन्हीकडे उत्तर जवळपास १०० टक्के. जे निरीक्षण दोन्ही गृहीतकांत सारखंच दिसणार, ते त्या दोघांमध्ये निवड करायला निरुपयोगी. तुमच्या पहिल्या शोधनिबंधात ही चूक होण्याची शक्यता खूप असते, म्हणून लांबण लावलं.

आणि गाण्याकडे बोट दाखवल्यावर कोणाकडे बघायचं राहतं तेही लक्षात घ्या. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा आणि साधनांशिवाय गटारात उतरवण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितलं, २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. म्हणजे पवारच्या मृत्यूला जबाबदार कोण, हा प्रश्न कायद्याला पडलेला आहे. सिनेमातल्या कोर्टात मात्र कंत्राटदार नाही, महापालिका नाही. पिंजऱ्यात शाहीर आहे. कार्यकर्त्याला अटक झाली की त्याचा आवाज तर थांबतोच, वर तो ज्या अन्यायाबद्दल बोलत होता त्याची जबाबदारीही त्याच्याच नावावर चढते.

'मनमानी' म्हणजे 'बेकायदेशीर' नव्हे

पीएचडीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न व्याख्येवर येतो, म्हणून हा भाग नीट वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९९८ ला मानवी हक्क रक्षकांविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात कार्यकर्ता कोण हे संस्थेच्या नोंदणीवर किंवा पदवीवर ठरवलेलं नाही; एकट्याने किंवा इतरांसोबत मानवी हक्कांसाठी शांततेने झटणारा कोणीही त्यात येतो. वस्तीत गाणारा कांबळे येतो. राज्यसंस्थेने अशा माणसांना हिंसा, धमक्या, सूड यांपासून वाचवावं असंही त्यात आहे. पण हा जाहीरनामा आहे, करार नाही, बंधन नैतिक.

बंधनकारक आहे तो नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. भारत त्यात १९७९ मध्ये सामील झाला. त्याचं नववं कलम मनमानी अटकेला मनाई करतं. पण सामील होताना भारताने याच कलमावर राखीव भूमिका नोंदवली : प्रतिबंधक स्थानबद्धतेबाबत आपल्या घटनेतलं कलम २२ चालेल, आणि बेकायदा अटकेसाठी नुकसानभरपाई मागायचा हक्क आपल्या व्यवस्थेत नाही. विषय निवडताना हे तळटिपेतलं वाक्य वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कराराची देखरेख करणाऱ्या मानवी हक्क समितीने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की मनमानी म्हणजे फक्त 'कायद्याविरुद्ध' असं धरायचं नाही. अटक अन्याय्य आहे का, अनावश्यक आहे का, प्रमाणाबाहेर आहे का, हेही बघायचं. म्हणजे अटक कायद्यात बसणारी असूनही मनमानी असू शकते. १९९१ पासून मनमानी अटकेविषयी काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा कार्यगट प्रकरणं पाच प्रकारांत विभागतो. त्यातला दुसरा प्रकार अभिव्यक्तीसारखा हक्क बजावल्याबद्दल झालेल्या अटकेचा, तिसरा न्याय्य खटल्याचे नियम गंभीरपणे मोडल्याचा. कांबळेंचं प्रकरण कशात बसवाल? मी दुसऱ्यात घालीन. तुम्ही तिसऱ्यात घालत असाल तर कुठला नियम मोडला ते दाखवावं लागेल, आणि सिनेमात ते दाखवणं अवघड आहे. कारण तिथे सगळं नियमाप्रमाणे चालतं. पुढची तारीख पडते. न्यायाधीश जुने कायदे वाचून घेतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकललं जातं. कोणी ओरडत नाही, कोणी कट करत नाही.

ताम्हाणे यांची कॅमेरा एका जागी ठेवून लांबून बघायची पद्धत इथे फळाला येते. आपण खलनायक शोधत राहतो आणि तो सापडत नाही. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, नाटकाला जाते. ती वाईट बाई नाही. ती तिचं काम करतेय, आणि त्या कामातून एक म्हातारा आत जातोय.

दुसरी अटक

कांबळेंना जामीन मिळतो. ते पुन्हा गायला लागतात. आणि पुन्हा अटक होते, या वेळी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे यूएपीए. माझ्या मते सिनेमातलं खरं वळण हे आहे. पहिल्या खटल्यात साखळी निदान तपासली तरी जात होती. साक्षीदार आला, उलटतपासणी झाली, बायको बोलली. दुसऱ्यात तीही सोय राहत नाही. न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात आणि पडदा बराच वेळ अंधारा राहतो.

यूएपीएत २००८ मध्ये कलम ४३ड आलं. त्याप्रमाणे आरोपपत्रासाठी ९० ऐवजी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. आणि उपकलम ५ नुसार, पोलिसांचे कागद वाचून आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारण दिसलं, तर जामीन देता येत नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करायची नाही. आपल्या भाषेत : शोधनिबंध लेखकाने जे लिहिलंय ते खरं धरून स्वीकारायचा की नाही ते ठरवा, समीक्षण काही वर्षांनी होईल. तोवर संशोधनाचा विषय झालेला माणूस आत.

२०२१ मध्ये नजीब प्रकरणात न्यायालयाने एक वाट काढली. खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर दीर्घ कैदेच्या कारणावरून घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात. मग जुलै २०२३ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना न्यायालय म्हणालं की प्रथमदर्शनी खरं म्हणण्याआधी पुराव्याच्या वजनाची निदान वरवरची छाननी तरी व्हायला हवी. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिला म्हणतो, फार वेळ गेला म्हणून सोडा. दुसरा म्हणतो, आधी बघा तरी. कार्यकर्त्यांच्या संरक्षणासाठी मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो, कारण पहिल्याचा फायदा मिळायला आधी वर्षं घालवावी लागतात. हे दोघे २०१८ च्या ऑगस्टमध्ये पकडले गेले होते. तपासणीचा नियम पाच वर्षांनी मिळाला.

त्याच प्रकरणात सुधीर ढवळे आणि रोना विल्सन जून २०१८ मध्ये अटकेत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती आणि साक्षीदारांची यादी ३०० च्या वर होती. २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी कंपनीने बचाव पक्षासाठी विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासून, त्यात मालवेअरच्या मदतीने बाहेरून फाइली घातल्या गेल्या असा निष्कर्ष काढला. राष्ट्रीय तपास संस्थेला तो मान्य नाही. कोण बरोबर, हा प्रश्न तांत्रिक आहे आणि तज्ज्ञांच्या उलटतपासणीत त्याची तड लागू शकते. पण ती उलटतपासणी खटल्यात होणार, आणि खटला सुरूच झालेला नव्हता. सिनेमातला साक्षीदार निदान पिंजऱ्यात आला तरी. इथे फाइल आलीच नाही.

ताम्हाणे यांनी ज्या प्रकरणांवरून प्रेरणा घेतली त्यात झारखंडचे लोकगायक जीतन मरांडी यांचं नाव ते घेतात. मरांडींना गिरिडीहच्या न्यायालयाने २०११ मध्ये फाशी सुनावली आणि त्याच वर्षी झारखंड उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. गाणाऱ्या माणसावर गंभीर गुन्हा लावणं ही लेखकाची कल्पना नाही, हे सांगायला एवढं उदाहरण पुरे.

सिनेमा कुठे कमी पडतो

आता टीका. कोर्ट सुटल्यावर कॅमेरा व्होरांच्या घरी जातो, नूतनच्या घरी जातो, न्यायाधीश सदावर्ते यांच्या सहलीला जातो. तुरुंगात जात नाही. कांबळेंची तब्येत बिघडल्याचं आपल्याला कोर्टातल्या बोलण्यातून कळतं. हा दिग्दर्शकाचा जाणीवपूर्वक निर्णय असणार : जे कोर्टाला दिसत नाही ते आपल्यालाही दाखवायचं नाही. पण त्यामुळे अटकेची निम्मी बाजू, म्हणजे कोठडीतली वागणूक, निव्वळ माहिती होऊन बसते.

ही बाजू किती ठोस असते बघा. फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा असा अर्ज करावा लागला. त्या साध्या वस्तूसाठी तारखा पडल्या. जामिनावर सुनावणी बाकी असताना ५ जुलै २०२१ ला मुंबईत रुग्णालयात ते गेले. त्याच वर्षी कार्यगटाने त्यांची कैद मनमानी होती असं मत दिलं. प्रा. जी. एन. साईबाबा ९० टक्के अपंग होते, व्हीलचेअरवर होते. २०१७ मध्ये जन्मठेप, ऑक्टोबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाकडून सुटका, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, मार्च २०२४ मध्ये पुन्हा निर्दोष. त्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. इथे कोणी लाठी उगारलेली दिसत नाही. औषध उशिरा मिळणं, पेला न मिळणं, जिना न चढता येणं, ही वाईट वागणूक हळू चालते आणि तिचा पंचनामा होत नाही.

डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले : अटकेचा कागद, नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. चांगले नियम आहेत, पण त्यांचा रोख पोलीस कोठडीतल्या मारहाणीवर. न्यायालयीन कोठडीत वर्षानुवर्षं झिजणाऱ्या म्हाताऱ्या शरीराला ते फारसे लागू पडत नाहीत. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याचं अनुसमर्थन (रॅटिफिकेशन) मात्र अजून केलेलं नाही.

दुसरी तक्रार शेवटाबद्दल. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश ओळखीच्या माणसाला मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्र आणि अंगठीचा सल्ला देतात, आणि झोपमोड केली म्हणून एका पोराच्या कानाखाली वाजवतात. प्रसंग लक्षात राहतो, विज्ञानवाल्यांना तर जास्तच. पण मला तो जरा सोपा वाटतो. इतका वेळ सिनेमा सांगत होता की हे कुणा एकाच्या स्वभावामुळे होत नाही, आणि शेवटी तो एका माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतो. सदावर्तेंच्या जागी अंधश्रद्धा न मानणारे, प्रेमळ न्यायाधीश बसवा. कलम ४३ड तसंच असतं. कांबळे आतच असते. अंधारात गेलेल्या कोर्टरूमवर सिनेमा थांबला असता तर त्याचं म्हणणं जास्त कडक राहिलं असतं.

जाता जाता कायद्याचीच एक गोष्ट. सिनेमात १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा वाचला जातो आणि आपण हसतो, केवढा जुना कायदा म्हणून. तो संसदेने २०१८ च्या सुरुवातीला रद्दही केला. जामीन अडवणारं कलम मात्र २००८ चं आहे, नवं आहे आणि जागेवर आहे. 'ब्रिटिशांचे कायदे' हे स्पष्टीकरण सोयीचं असलं तरी अपुरं आहे.

या विषयावर संशोधन करायचं असेल तर

तीन सूचना.

पहिली, दिवस मोजा. 'इतक्यांना अटक, इतक्यांना शिक्षा' असा भागाकार करून टक्केवारी काढू नका. या वर्षी शिक्षा झालेले लोक या वर्षी अटक झालेले नसतात, आणि बहुतेकांची प्रकरणं अजून चालूच असतात. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात, आणि त्यासाठी सर्व्हायव्हल अॅनालिसिस असतं. अटकेपासून पुराव्याच्या पहिल्या खऱ्या तपासणीपर्यंत किती दिवस गेले, हा मला मोजण्यासारखा आकडा वाटतो.

दुसरी, घोषणा उसनी घेताना मूळ वाचा. 'प्रक्रिया हीच शिक्षा' हे आपण सर्रास लिहितो. ते माल्कम फीली यांच्या १९७९ च्या पुस्तकाचं नाव. त्यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या खालच्या न्यायालयात किरकोळ गुन्ह्यांचा अभ्यास केला होता, जिथे वकील, बुडालेला रोज, हेलपाटे यांचा खर्च शिक्षेपेक्षा जड पडतो. यूएपीएत माणूस हेलपाटे घालत नाही, तो आत असतो. शब्द तोच, यंत्रणा वेगळी. हा फरक लिहिलात तर तुमच्या प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच उभं राहील.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेणार असाल तर लक्षात ठेवा : वकील आणि अशील यांच्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, संशोधक आणि मुलाखत देणारा यांच्या बोलण्याला तसं नाही. तुमची वही, तुमचा लॅपटॉप जप्त होऊ शकतो. लागत नसलेली नावं लिहून घेऊ नका. सांकेतिक नावांची यादी मुलाखतींजवळ ठेवू नका. संमतीपत्रात हा धोका साध्या मराठीत सांगा, आणि समोरचा नको म्हणाला तर आग्रह करू नका. आपला प्रबंध दोन वर्षं उशिरा झाला तर चालतो.

आणि आता सरावासाठी 'कोर्ट' पुन्हा बघा. वहीत पाच रकाने आखा : विधान, त्याचा पुरावा, तो कोणी तपासला, कधी तपासला, आणि तेव्हा कांबळे कुठे होते. पहिल्या खटल्यात चार रकाने बऱ्यापैकी भरतात. दुसऱ्या अटकेनंतर तिसरा आणि चौथा रकाना कोरा राहतो, पाचव्यात मात्र लिहायला असतं. तुमची वही वेगळं काही सांगत असेल तर खाली जरूर लिहा.